बेल वाजवायची: मुंबईत समकालीन कला पाहायला सुरुवात कशी करावी

फोर्टातल्या एका जुन्या इमारतीचा लाकडी जिना चढून मी पहिल्यांदा एका खासगी कलादालनापाशी पोचलो, तेव्हा दार बंद होतं. काचेतून पांढऱ्या भिंती दिसत होत्या आणि टेबलाशी एक मुलगी लॅपटॉपवर काम करत होती. बेल वाजवायची का? आत पैसे मागतील का? चित्र विकत घ्यायची ऐपत नसताना आत शिरलेलं चालतं का? मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. दोन मिनिटं उभा राहिलो आणि जिना उतरलो. पुढचे आठ-दहा महिने तिकडे फिरकलोही नाही. तेवढ्या काळात तिथे किती प्रदर्शनं लागली आणि उतरली असतील, याची चुटपुट मला अजून आहे.

नाटकाला, मैफलीला आपण बिनधास्त जातो. चित्रप्रदर्शन म्हटलं की पाय अडखळतो. ज्यांचा अडखळतो त्यांच्यासाठी हे लिहितोय. वाट काळा घोडा ते कुलाब्याची घेतली आहे, कारण चालत फिरता येईल एवढ्या टापूत इतकी दालनं मुंबईत दुसरीकडे नाहीत.

तर बेल वाजवायची. खासगी दालनात जायला पैसे लागत नाहीत, नाव सांगावं लागत नाही आणि काही विकत घ्यावं लागत नाही. दार बंद असतं ते एसीसाठी आणि कामांच्या सुरक्षिततेसाठी. आतल्या माणसाचं एक काम दार उघडणं हेही असतं.

वार बघून निघा

शनिवार सगळ्यात सोयीचा. बरीच खासगी दालनं रविवारी बंद असतात, काही सोमवारीही. साधारण अकराला उघडतात आणि संध्याकाळी सहा-सातला मिटतात. सरकारी एनजीएमए, म्हणजे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, सोमवारी बंद. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद. शिवाय दोन प्रदर्शनांच्या मध्ये दालनं काही दिवस मिटलेली असतात, आधीचं काम उतरवून नवं टांगायला वेळ लागतो म्हणून. त्यामुळे निघण्यापूर्वी दालनाच्या इन्स्टाग्राम पानावर एक नजर टाका किंवा सरळ फोन करा.

चर्चगेट किंवा सीएसएमटीहून चालत पंधरा-वीस मिनिटं लागतात. भुयारी मेट्रोने आलात तर हुतात्मा चौक स्थानकावर उतरा. वर आल्यावर लगेच दालनांकडे वळू नका. चौकात हातात मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार उभे आहेत, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या हुतात्म्यांचं स्मारक. आपण त्याच्या बाजूने शेकडो वेळा गेलेलो असतो. आज एकदा सभोवार फिरून बघा. मशालीवरचा हात कोणाचा कुठे आहे, दोघांची पावलं कशी रोवली आहेत, मागून ती जोडी कशी दिसते. दिवसभर जे करायचं आहे त्याचा सराव इथेच होतो, तोही फुकट.

पहिलं दालन जहांगीर

सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून १९५२ साली उभी राहिलेली जहांगीर आर्ट गॅलरी नवख्या माणसासाठी सगळ्यात मोकळी जागा आहे. दार सताड उघडं, प्रवेश मोफत. कॉलेजची मुलं, ऑफिस सुटलेले लोक, पावसात आडोशाला आलेले पर्यटक, सगळे आत असतात. प्रदर्शनं आठवड्याची. मंगळवारी लागतात, पुढच्या सोमवारी संपतात. एका वेळी तीन-चार दालनांत वेगवेगळ्या लोकांची कामं असतात, म्हणजे तासाभरात तुम्हाला कोकणातली निसर्गचित्रं, एखादी अमूर्त मालिका आणि ब्राँझची शिल्पं सगळं दिसू शकतं. सगळंच चांगलं असेल असं नाही. मंदिरं, घाट, घोडे, बुद्धाचे चेहरे यांचा रतीबही इथे बराच असतो. पण आपली आवड घडते ती असं पुष्कळ बरंवाईट शेजारी शेजारी पाहूनच.

जहांगीरची खरी दौलत वेगळी आहे. इथे चित्रकार स्वतः बसलेला असतो. कोल्हापूर, सांगली, नाशिक, नागपूरहून आलेला. इथली तारीख मिळावी म्हणून वर्षानुवर्षं थांबलेला. टेम्पोतून चित्रं आणून सोमवारी रात्री उशिरापर्यंत ती टांगत बसलेला. त्याच्याशी मराठीत बोला. ‘याचा अर्थ काय?’ असं विचारलंत तर त्याला ठरीव उत्तर द्यावं लागतं. ‘यातलं कुठलं आधी केलंत?’, ‘हा पोत कशाने आला?’, ‘इथे थांबायचं हे कसं ठरवलंत?’ असं विचारून बघा. माणूस खुर्चीतून उठतो, तुम्हाला चित्राजवळ नेतो आणि हाताने दाखवत बोलायला लागतो.

असाच एक तरुण चित्रकार मला त्याच्या एका करड्या कॅनव्हासच्या कडेला घेऊन गेला. समोरून चित्र जवळजवळ एकरंगी होतं, पावसाळी आभाळासारखं. ‘बाजूने बघा,’ म्हणाला. चौकटीच्या जाडीवर ओघळ सुकलेले होते. सगळ्यात खाली गेरूसारखा तांबडा, त्यावर हळदीचा पिवळा, मग निळा, मग पांढरट आणि शेवटी करडा. वर्षभराचं काम त्या दीड इंचाच्या पट्टीवर क्रमाने वाचता येत होतं. पुन्हा समोर येऊन उभा राहिलो तर त्या करड्यातून तांबडा दिसायला लागला. तो आधीही होताच, फक्त मला दिसला नव्हता. तेव्हापासून कुठलंही चित्र पाहिलं की आधी त्याची कड बघायची सवय लागली. फ्रेम नसेल तर तुम्हीही बघा.

बाहेर पडल्यावर फुटपाथवरच्या चित्रकारांपाशीही थांबा. तिथे कित्येक जण वर्षानुवर्षं आपली कामं मांडून बसलेले आहेत.

समोर एनजीएमए

रस्ता ओलांडला की कावसजी जहांगीर हॉल. इमारत १९११ची, वास्तुविशारद जॉर्ज विटेट, तेच ज्यांनी गेटवे ऑफ इंडिया आणि शेजारचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय उभारलं. एके काळी इथे सभा आणि मैफली होत. मग आतून पूर्ण बदल करून १९९६ साली एनजीएमए सुरू झालं. थोड्या रुपयांचं तिकीट आहे. अर्धवर्तुळाकार मजल्यांवरून चढत चढत शेवटी तुम्ही घुमटाखाली पोचता.

इथे बऱ्याचदा एकाच कलावंताचा सिंहावलोकनी पट मांडतात आणि नवख्याने तो चुकवू नये. ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करत चित्रं काढणाऱ्या सुधीर पटवर्धनांचा असा पट २०१९-२०मध्ये इथे लागला होता. गिरणगाव, लोकलचे पूल, इराणी हॉटेल, डोंगरउतारावर चढत गेलेली घरं. आपलंच शहर कोणी पन्नास वर्षं इतकं लक्ष देऊन बघत होतं, हे मजल्यामागून मजला चढताना उमगत जातं. त्याच वर्षी प्रभाकर बरवे यांचंही प्रदर्शन झालं. घड्याळ, पान, अक्षर, किल्ली अशा साध्या वस्तू रिकाम्या अवकाशात ठेवणारा हा चित्रकार पटवर्धनांच्या अगदी दुसऱ्या टोकाचा. ज्याला चित्रकलेचा गंधही नाही त्याने अशी दोन प्रदर्शनं पाठोपाठ पाहिली तरी पुरे, पुढचा रस्ता त्याचा त्याला सापडतो.

एवढ्यावर दमलात तर घरी जा. मनापासून सांगतो, एका दिवसात दोन जागा भरपूर झाल्या. डोळेही थकतात आणि थकल्या डोळ्यांना सगळंच सारखं दिसतं.

आता खासगी दालनं

दुसऱ्या फेरीला इथून सुरुवात करा. फोर्टात क्वीन्स मॅन्शनच्या तिसऱ्या मजल्यावर केमोल्ड प्रेस्कॉट रोड आहे. केकू आणि खोर्शेद गांधी यांनी १९६३ साली जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर सुरू केलेलं हे दालन २००७ साली इथे आलं. कुलाब्यात ताजच्या मागच्या गल्ल्यांत झवेरी कंटेम्पररीसारखी दालनं आहेत, आणखी पुढे प्रोजेक्ट ८८. जुन्या इमारती, उंच छत, फारशी पाटी नाही. वॉचमनला विचारलं की तो मजला सांगतो.

आत गेल्यावर नमस्कार-हॅलो करा. टेबलावर एक-दोन पानांची छापील टीप असते, ती घ्या, पण घडी घालून खिशात ठेवा. आधी एक फेरी नुसत्या डोळ्यांनी मारा. या टिपा बहुतेक वेळा जड इंग्रजीत असतात आणि त्या आधी वाचल्या की आपण काम बघायचं सोडून टिपेतली वाक्यं शोधत बसतो. मला हे फार लागतं. मराठी घरांतून आलेल्या कलावंतांची कामं मुंबईत मांडलेली असतात आणि भिंतीवर मराठीची एक ओळ नसते. दालनवाल्यांना हे सांगायला हवं. मी दर वेळी सांगतो, तुम्हीही सांगा.

पाठीवरची सॅक पुढे घ्या किंवा टेबलाशी ठेवा. मागे वळताना सॅक लागून शिल्प पडल्याचं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. हात लावू नका. फोटोला बहुतेक ठिकाणी हरकत नसते, तरी विचारून घ्या, आणि फ्लॅश नको. शेजारी लाल टिकली दिसली तर ते काम विकलं गेलं. किंमत लिहिलेली नसते, पण किंमतपत्रक मागितलं तर दाखवतात आणि कुणी वाकडं बघत नाही. घ्यायचं नसलं तरी एकदा मागून बघा. छापचित्रं आणि छोटी रेखाटनं मोठ्या कॅनव्हासपेक्षा खूप स्वस्त असतात, हे त्यातून कळतं.

‘कळत नाही’ त्याचं काय

हा सगळ्यांचा प्रश्न. माझाही होता.

भिंतीवर चित्र असेल तर निदान कुठे बघायचं ते माहीत असतं. पण खोलीभर वस्तू मांडलेल्या असल्या की माणूस दारातच थबकतो. याला आपण मांडणशिल्प म्हणतो. एक उदाहरण देतो. मुंबईच्या शिल्पा गुप्ता यांच्या एका कामात अंधाऱ्या खोलीत शंभर मायक्रोफोन छतावरून लोंबतात. प्रत्येकाखाली एक लोखंडी सळई उभी आहे आणि तिच्या टोकावर कवितेच्या ओळी छापलेला कागद खुपसलेला आहे. लिहिल्याबद्दल किंवा विचारांबद्दल तुरुंगात गेलेल्या, वेगवेगळ्या शतकांतल्या शंभर कवींच्या या ओळी. मायक्रोफोन आवाज टिपत नाहीत, त्यांतून आवाज बाहेर पडतो. एक जण ओळ म्हणतो, मग बाकीचे त्याच्यामागून म्हणतात. हे काम कळण्यासाठी काय लागतं? खोलीतून चालायचं, थांबायचं, वाकून एक कागद वाचायचा. सळई कागदातून कुठून घुसली आहे ते बघायचं. बोलायच्या यंत्राने ऐकवायचं काम का केलं, एवढा एक प्रश्न मनात धरायचा.

दुसरं उदाहरण आपल्या माजघरातलं. कोल्हापूरकडचे प्रभाकर कांबळे यांची ‘उतरंड’ नावाची शिल्पमालिका आहे. २०२२च्या बर्लिन बिएनाले या मोठ्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनातही तिचं दर्शन घडलं. उतरंड म्हणजे काय हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. एकावर एक रचलेली मडकी, तळाशी सगळ्यात मोठं, वरच्या सगळ्यांचा भार त्याच्यावर. हाच शब्द जातिव्यवस्थेसाठीही आपण सर्रास वापरतो. तळाचं मडकं काढलं तर काय होतं हे घरात रांजण-मडकी पाहिलेल्या कुणालाही ठाऊक आहे. बर्लिनमधल्या प्रेक्षकाला त्यासाठी टीप वाचावी लागली असेल, तुम्हाला नावातच अर्धं काम कळलं. आपली भाषा आणि घरातल्या वस्तू घेऊनच समकालीन कलेकडे जायचं असतं.

माझी रीत अशी. पूर्ण दालनातून एक चक्कर. मग एकच काम निवडायचं, आवडलेलं नाही तर खटकलेलं. त्याच्यापुढे घड्याळ लावून दहा मिनिटं. पहिल्या दोन मिनिटांत जे दिसायचं ते दिसून संपतं. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला कंटाळा येतो, फोनकडे हात जातो. तेव्हा बसून घ्या, जमिनीवर बसलात तरी चालतं. सहाव्या-सातव्या मिनिटाला काहीतरी नवं दिसतं, अगदी दर वेळी. मग मघाची टीप काढून वाचा. आता तिच्याशी वाद घालता येतो.

आणि दहा मिनिटांनंतरही काही झालं नाही तर नाही झालं. काही कामं खरोखरच पोकळ असतात. तसं म्हणायला भिऊ नका, फक्त दहा मिनिटं देऊन मग म्हणा.

रस्त्यावरची शिल्पं

काळा घोडा या नावाचा मूळ घोडा आता इथे नाही. प्रिन्स ऑफ वेल्स असतानाच्या सातव्या एडवर्डचा हा अश्वारूढ पुतळा जोसेफ बोएमने घडवला, आल्बर्ट ससूनने शहराला भेट दिला आणि १८७९ साली तो इथे उभा राहिला. १९६५ साली तो हलवला. तो आता भायखळ्याला राणीच्या बागेत आहे, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या शेजारी. घोडा गेला तरी लोकांनी नाव सोडलं नाही. २०१७ साली इथे नवा काळा घोडा आला, कल्पना वास्तुविशारद अल्फाझ मिलर यांची, शिल्प श्रीहरी भोसले यांचं. त्याच्या पाठीवर स्वार नाही.

एवढ्याच फरकासाठी दोन्ही घोडे एकाच दिवशी पाहा. सकाळी भायखळ्याचा, दुपारी इथला. पहिल्यापुढे नजर आपोआप वर स्वाराकडे जाते, घोडा म्हणजे नुसतं आसन. दुसऱ्यापुढे नजर घोड्याच्या मानेवर आणि पाठीच्या रिकाम्या वळणावर थांबते. पुतळा कोणाचा, हा आपल्याकडे केवढा पेटता विषय आहे. इथे उत्तरादाखल मोकळी पाठ ठेवली आहे. मला हे शहरातलं एक अतिशय समंजस शिल्प वाटतं.

बीकेसीत कामाला असाल तर मेकर मॅक्सिटीच्या आवारातली सुदर्शन शेट्टी यांची ‘फ्लाइंग बस’ बघा. २०१२ सालचं काम, लाल डबलडेकर बसला फुटलेले धातूचे पंख. केलं तेव्हा बेस्टच्या जुन्या डबलडेकर रस्त्यावर धावत होत्या. सप्टेंबर २०२३मध्ये त्यातली शेवटची बस निघून गेली. शिल्प तेच आहे, पण वरच्या मजल्यावरच्या पुढच्या सीटसाठी धावलेल्या माणसाला ते आता वेगळं दिसतं. बाहेरच्या शिल्पाचं असंच असतं, भोवतालचं शहर ते बदलत राहतं. म्हणून त्याच्याकडे वर्षा-दोन वर्षांनी परत जायचं.

एक आडवाट. गेटवेहून मांडव्याची लाँच घेऊन सासवण्याला गेलात तर नानासाहेब करमरकरांचं शिल्पालय आहे. पुण्यातला १९२८चा शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा घडवणारे हेच ते. समकालीन नव्हे, पण शिल्पाभोवती कसं फिरायचं ते इथे कोकणी घराच्या अंगणात शांतपणे शिकता येतं. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात, हे लक्षात ठेवा.

माणूसच काम असतो तेव्हा

परफॉर्मन्स आर्ट म्हणजे नाटक नाही. इथे तिसरी घंटा नाही, कधी गोष्टही नसते. कलावंत स्वतःच्या शरीराने, समोर, बराच वेळ काहीतरी करतो. निखिल चोप्रा यांनी सप्टेंबर २०१९मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात सलग नऊ दिवस मुक्काम केला. दालनादालनांतून फिरत, वेश बदलत, मोठ्या कापडावर चित्र काढत. प्रेक्षक यायचे, जायचे.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. रात्रभर दशावतार बघणारे, गोंधळाला पहाटेपर्यंत बसणारे आपण. मध्येच उठून चहा घेऊन परत येणं त्यातलंच. इथेही तसंच करा. जा, वीस मिनिटं बसा, बाहेर पडा, दोन तासांनी परत या. मधल्या वेळात त्याच्या हालचालीत काय बदललं, भिंतीवर किती रेषा वाढल्या ते बघा. कलावंत डोळ्यांत बघेल, त्याने गोंधळू नका. तो स्वतः बोलावत नाही तोवर मध्ये शिरू नका.

याच वाटेवरचं आणखी एक नाव लक्षात ठेवा, अमोल पाटील. आजोबा पोवाडे करायचे, वडील नाटकं लिहायचे. सफाई कामगारांचं जगणं त्यांच्या चित्रांत, शिल्पांत आणि सादरीकरणांत येतं. २०२२ साली जर्मनीतल्या कासेलच्या डॉक्युमेंटा प्रदर्शनात ते होते. मुंबईत त्यांचं काम लागलं की सोडू नका.

कुठल्या महिन्यात काय

जानेवारीत मुंबई गॅलरी वीकेंड असतो. बरीच दालनं एकाच वेळी नवी प्रदर्शनं लावतात आणि कलावंत किंवा क्युरेटर, म्हणजे प्रदर्शनाची निवड आणि मांडणी करणारा, स्वतः फिरून दाखवतात. जानेवारीअखेर-फेब्रुवारीत नऊ दिवस काळा घोडा महोत्सव, १९९९पासूनचा. शनिवार-रविवारच्या संध्याकाळी तिथे शिल्पांपेक्षा सेल्फी जास्त, म्हणून कामाच्या दिवशी शक्य तितक्या लवकर गाठा. नोव्हेंबरात महालक्ष्मी रेसकोर्सवर आर्ट मुंबई हा बाजार भरतो, त्याला तिकीट आहे. डिसेंबरात पणजीत सेरेंडिपिटी महोत्सव. आणि कधीतरी कोचीचं बिएनाले बघाच. २०२५च्या डिसेंबरात सुरू झालेली त्याची सहावी आवृत्ती निखिल चोप्रा आणि गोव्याचा एचएच आर्ट स्पेसेस हा कलावंतांचा गट यांनी रचली.

उद्घाटनाच्या संध्याकाळी कुणीही जाऊ शकतं, आमंत्रण लागत नाही. ओळखी होतात. गर्दीमुळे काम मात्र दिसत नाही, तेव्हा बघायला दुसऱ्या दिवशी परत जा.

निघताना

जहांगीरमध्ये दाराजवळ अभिप्रायाची वही असते. पान उलटलं की ‘अप्रतिम’, ‘खूप छान’, ‘पुढील वाटचालीस शुभेच्छा’ अशा ओळी. आठवडाभर तिथे बसलेला माणूस रात्री ती वही उघडतो. त्याला एक तरी नेमकी गोष्ट लिहून द्या, तुम्हाला दिसलेली. त्या करड्या कॅनव्हासवाल्याच्या वहीत मी लिहिलं होतं, ‘डावीकडून तिसरं. खालच्या कोपऱ्यात तांबडा वर येतो, तिथे पाच मिनिटं थांबलो.’ दोन वर्षांनी त्याचं पुढचं प्रदर्शन लागलं तेव्हा त्याने मला दारातच गाठलं आणि हात धरून एका चित्राच्या कडेशी नेलं.